वाचकांचा कौल आणि कथेचा शेवट

वाङ्मयाच्या इतिहासात ग्रंथकारास जे स्थान मिळते ते वाचकास मिळत नाही. कोणते पुस्तक किती खपले याची नोंद कोठेतरी राहते. परंतु वाचून झाल्यावर वाचक आपसांत काय बोलले, कशासाठी भांडले, याचा मागमूस बहुधा उरत नाही. मित्राच्या सल्ल्यावरून डिकन्सने १८६१ साली आपल्या एका कादंबरीचा शेवट बदलला हे आपणांस ठाऊक आहे. १८९३ साली मारलेल्या शेरलॉक होम्सला कॉनन डॉइलने १९०३ साली परत आणले हेही ठाऊक आहे. पण या दोन्ही प्रसंगी सामान्य वाचकाने मांडलेला युक्तिवाद कोणता, हे सांगणे कठीण. या नियमास एक ठळक अपवाद आहे, आणि तो ज्या वाङ्मयप्रकारास शिक्षकवर्गाने वाङ्मय म्हणावयासही नकार दिला त्या प्रकारात सापडावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. अमेरिकेतील अतिमानव नायकांच्या चित्रकथा, त्यांवरून निघालेले चित्रपट आणि पुढे संगणकावरील कथात्मक खेळ यांच्या रसिकांनी जवळजवळ शंभर वर्षे जो वाद चालविला, त्याचा धावता आढावा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

आरंभ एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीने झाला. ह्यूगो गर्न्सबॅक याने एप्रिल १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे विज्ञानकथांना वाहिलेले मासिक काढले आणि पुढील वर्षापासून त्यात वाचकांच्या पत्रांचे सदर सुरू केले. पत्रांखाली लेखकाचा पूर्ण पत्ता छापला जाई. त्यामुळे वाचक केवळ संपादकास न लिहिता एकमेकांस लिहू लागले. विखुरलेल्या माणसांना एका नियतकालिकाच्या पानावर आपली माणसे भेटतात, हा अनुभव मुलुखापासून दूर राहून मराठीचा संसार चालविणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींना नवा नाही.

या पत्रव्यवहारातून वाचकांची स्वतःची चक्रमुद्रित नियतकालिके जन्मास आली. जानेवारी १९३२ मध्ये निघालेल्या ‘द टाइम ट्रॅव्हलर’ या पत्राच्या चालकांत ज्यूलियस श्वार्ट्‌झ आणि मॉर्ट वाइझिंगर हे दोन तरुण होते. हे दोघेही पुढे चित्रकथांचे मोठे संपादक झाले. त्याच वर्षी क्लीव्हलंड शहरातील जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन विद्यार्थ्यांनी ‘सायन्स फिक्शन’ नावाचे असेच पत्र काढले. याच जोडीचा ‘सुपरमॅन’ १९३८ साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला. त्याचे सर्व हक्क त्यांनी अवघ्या १३० डॉलरांस विकले होते! सारांश, हा नायक जन्मला तोच वाचकांच्या घरात.

यानंतरचे प्रकरण आपणां शिक्षकांच्या विशेष परिचयाचे वाटेल. १९५४ साली डॉ. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाने चित्रकथांमुळे मुले बिघडतात, गुन्ह्यांकडे वळतात, असा ठपका ठेवणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. वर्थम हा कोणी संकुचित मनाचा मनुष्य नव्हता. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गरीब कृष्णवर्णीयांसाठी नाममात्र शुल्कात चालणारे मानसोपचार केंद्र त्यानेच १९४६ साली उघडले होते. म्हणूनच त्याच्या शब्दाला वजन आले. अमेरिकन सिनेटच्या उपसमितीने चौकशी केली आणि प्रकाशकांनी त्याच वर्षी आपण होऊन एक आचारसंहिता स्वीकारली. प्रत्येक कथेत सज्जनाचाच जय झाला पाहिजे व गुन्हेगारास शासन झालेच पाहिजे, असा तिचा दंडक होता. म्हणजे कथेचा शेवट लिहिण्यापूर्वीच ठरला. यात ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला होता त्या मुलांना मात्र, तुम्ही या कथांत काय पाहता, हे रसिक म्हणून कोणी विचारले नाही. वर्थमने मुलांशी पुष्कळ संभाषणे केली होती, पण रुग्ण म्हणून. पुढे २०१० मध्ये त्याचे कागदपत्र अभ्यासकांस खुले झाले आणि २०१२ साली कॅरल टिली या विदुषीने दाखवून दिले की, मुलांची विधाने त्याने अनेक ठिकाणी बदलली, एकत्र केली व फुगविली होती.

तथापि वाचकांचा संवाद आटला नाही. मार्च १९६१ मध्ये डेट्रॉइट येथील प्राध्यापक जेरी बेल्स यांनी ‘ऑल्टर ईगो’ हे अतिमानव नायकांविषयीच्या चर्चेचे पत्र काढले. त्यांचा सहकारी रॉय टॉमस हा मिसूरी राज्यातील तरुण शाळेत इंग्रजी शिकवीत असे. १९६५ साली तो ‘मार्व्हल’ या प्रकाशनसंस्थेत गेला आणि १९७२ मध्ये तिचा प्रमुख संपादक झाला. शाळामास्तर, रसिक आणि संपादक ही तिन्ही नाती एकाच माणसात एकवटली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. कारण पुढच्याच वर्षी त्याची कसोटी लागली.

१९७३ च्या जून महिन्याच्या अंकात स्पायडर-मॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी मरण पावली. कथा जेरी कॉन्वे या विशीतील लेखकाची होती. खलनायक तिला पुलाच्या उंच मनोऱ्यावरून खाली लोटतो. नायक आपल्या जाळ्याचा धागा फेकून तिला वरच्यावर झेलतो. परंतु हाती येते ते प्रेत. चित्रात तिच्या मानेजवळ हाड मोडल्याचा एक बारीक ध्वनिवाचक शब्द छापलेला होता. वाचकांत वाद माजला. ती पडण्याने मेली की झेलल्याने? खलनायकाने मारली की तिच्यावर प्रेम करणाऱ्याने? अखेर १२५ व्या अंकाच्या पत्रसदरात टॉमसने खुलासा केला की, जाळ्यामुळे ती एकाएकी थांबली आणि त्या हिसक्याने तिचा अंत झाला. मिनेसोटा विद्यापीठातील भौतिकीचे प्राध्यापक जेम्स काकालिओस यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात याच प्रसंगावरून संवेग व आघात यांचा हिशेब मांडून दाखविला. वाचकांची शंका शास्त्राच्या कसोटीसही उतरली.

या वादाचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. आमची आवडती नायिका का मारली, अशी तक्रार करणारे पुष्कळ होते. पण वादाचा गाभा निराळा होता. ज्या सामर्थ्याने नायक जगाला वाचवितो त्याच सामर्थ्याने त्याच्या जिवलगाचा प्राण गेला असेल, तर या साऱ्या कथामालेचा अर्थ काय, असा तो प्रश्न होता. क्षेमेंद्राने औचित्य हे काव्याचे जीवित मानले. आरंभी जे मांडले त्याच्याशी शेवट सुसंगत आहे की नाही, ही औचित्याचीच पृच्छा आहे. अमेरिकेतील मुलांनी क्षेमेंद्राचे नाव ऐकले नव्हते. तरी त्यांची वाट तीच होती.

रसिकाधिकार या वाटेवरून ढळल्यास काय होते, हे १९८८ साली दिसून आले. बॅटमॅनचा साहाय्यक रॉबिन, म्हणजे जेसन टॉड हा मुलगा, पुष्कळ वाचकांस नकोसा झाला होता. संपादक डेनिस ओनील यांनी त्याला स्फोटात सापडलेला दाखवून त्याचे मरण-जगणे वाचकांच्या कौलावर सोपविले. १५ व १६ सप्टेंबर रोजी मिळून छत्तीस तास दोन दूरध्वनी क्रमांक खुले होते. एक जीवदानासाठी, दुसरा मृत्यूसाठी. दर मतास पन्नास सेंट पडत. मृत्यूच्या बाजूस ५,३४३ मते पडली, जीवदानाच्या बाजूस ५,२७१. बहात्तर मतांनी मुलगा मेला. येथे वाचकास अधिकार मिळाला, पण कारण सांगण्याची जबाबदारी मात्र त्याच्यावर राहिली नाही. पत्र लिहिणाऱ्यास आपले म्हणणे पटवून द्यावे लागते. दूरध्वनी फिरविणाऱ्यास तसे काही करावे लागत नाही. आणि एवढे करूनही २००५ साली जेसन टॉड कथेत जिवंत परत आला! २०१९ साली दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांनी या नायकांच्या चित्रपटांत खऱ्या अर्थाने काहीच पणास लागलेले नसते असा आक्षेप घेतला, तेव्हा रसिक चिडले. परंतु कोणीच कायमचा मरत नाही, मग रडावयाचे कोणासाठी, ही कुरकूर चित्रकथांच्या वाचकांतही होती.

संगणकावरील खेळांनी हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा केला. विल क्राउदर याने १९७६ च्या सुमारास केंटकीतील प्रत्यक्ष गुहांच्या आधारे रचलेला आणि १९७७ साली डॉन वुड्स याने वाढविलेला ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा खेळ केवळ शब्दांचा होता. खेळाडूने आज्ञा लिहावयाची आणि यंत्राने पुढची हकीगत सांगावयाची. १९८३ च्या ‘प्लॅनेटफॉल’ या खेळात फ्लॉइड नावाचा बालस्वभावी यंत्रमानव खेळाडूसाठी प्राण देतो. १९९७ च्या ‘फायनल फँटसी सेव्हन’ या जपानी खेळात एअरिथ ही नायिका मध्यावरच मारली जाते. तिला परत आणण्याची गुप्त युक्ती असलीच पाहिजे, या आशेने खेळाडू ती पुढे वर्षानुवर्षे शोधीत राहिले. वाचक हळहळतो, खेळाडूस मात्र, आपण काही केले असते तर हे टळले असते, असे वाटते. कर्तृत्वाचा हा भास त्या दुःखास वेगळीच धार आणतो.

विद्वानही या वादात उतरले. १९९७ साली जॅनेट मरे यांनी संगणक हे कथेचे नवे माध्यम मानणारा ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी नॉर्वेतील एस्पेन ओर्सेट यांच्या ग्रंथाने अशा रचनांना केवळ कथेच्या मापाने मोजू नये, असे प्रतिपादिले. २००१ साली ‘गेम स्टडीज’ हे नियतकालिक निघाले व पक्ष-प्रतिपक्ष समोरासमोर आले. ‘टेट्रिस’ या विटा रचण्याच्या खेळातही मरे यांना कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या अमेरिकन जीवनाचे रूपक दिसले होते. त्यावर फिनलंडच्या मार्कू एस्केलिनेन यांनी असे सुनावले की, मी चेंडू फेकला तर तो गोष्ट सांगेल म्हणून कोणी वाट पाहत बसत नाही. २००७ साली खेळांचे रचनाकार क्लिंट हॉकिंग यांनी ‘बायोशॉक’ या खेळातील विसंगती दाखविली. खेळाचे नियम खेळाडूस स्वार्थ पाहण्याची मुभा देतात, कथा मात्र त्याला निरुपायाने दुसऱ्याचा साहाय्यक बनविते. म्हणजे हात एक सांगतात आणि तोंड दुसरेच. हीही औचित्याचीच चर्चा होय.

ही सारी सूत्रे २०१२ साली एकत्र आली. कॅनडातील ‘बायोवेअर’ संस्थेची ‘मास इफेक्ट’ ही त्रिखंडात्मक क्रीडाकथा २००७ पासून चालू होती, आणि आपले निर्णय पुढील खंडांत फळास येतील असे खेळाडूंस सांगण्यात आले होते. मार्चमध्ये तिसरा खंड निघाला. शेवटी तीन पर्याय होते. त्यांचे परिणाम मुख्यतः प्रकाशाच्या रंगावरून वेगळे ओळखावे लागत. निषेधाचा एक प्रकार मोठा मार्मिक होता. रसिकांनी संस्थेकडे तांबडे, हिरवे व निळे असे सुमारे चारशे छोटे केक पाठविले. रंग तीन, चव एकच! त्याच चळवळीने आजारी मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेकरिता ऐंशी हजारांहून अधिक डॉलर जमविले. शिवीगाळ करणारेही होते, हे लपविण्याचे कारण नाही. जूनमध्ये संस्थेने विस्तारित शेवट विनामूल्य दिला. मूळ घटना तशाच ठेवून तिने त्यांचा अर्थ स्पष्ट केला. माझ्या मते हा निवाडा रास्त होता. शेवट लेखकाचाच राहिला आणि शंकेला उत्तरही मिळाले.

हा इतिहास आपणांस काय शिकवितो? चित्रपट-समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी एप्रिल २०१० मध्ये खेळ हे कधी कला होऊ शकत नाहीत असे लिहिले, आणि जुलैमध्ये, स्वतः न खेळता हा विषय काढावयास नको होता, हे मोकळेपणी मान्य केले. त्याहून बोलका दाखला वर्थमचा आहे. ज्याने चित्रकथांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, त्यानेच १९७३ साली रसिकांच्या हौशी नियतकालिकांवर पुस्तक लिहिले. त्यात त्याने त्यांची निंदा केली नाही. माणसामाणसांतील निर्मळ संवादाचे एक साधन म्हणून गौरवच केला. मुलांच्या हातातील कागद पाहून तो घाबरला होता. त्यांनी एकमेकांस लिहिलेले वाचल्यावर त्याचे मत निवळले.

आपल्या वर्गांतील मुले मधल्या सुट्टीत याच नायकांवरून आणि याच खेळांवरून तावातावाने बोलतात. तासाची घंटा होताच आपण तो विषय बंद करावयास सांगतो आणि नाटकाच्या शेवटाविषयी त्यांचे मत विचारतो. मग वर्ग मुका होतो. बोलण्याची शक्ती त्यांच्यात नाही असे नव्हे, ती आपण दाराबाहेर ठेवावयास लावली आहे. सर्वच खेळ व चित्रपट चांगले आहेत, असे मी म्हणत नाही. त्यांतील बराच भाग बाजारू आहे आणि हिंसेची चटक लावणाऱ्या गोष्टींपासून मुलांना जपणे हे आपले कर्तव्यच आहे. परंतु जपणे निराळे आणि न ऐकणे निराळे. मुलगा म्हणाला की शेवट फसला, तर ‘का?’ एवढे एकच त्याला विचारावे आणि त्याचे उत्तर सबंध ऐकून घ्यावे. नुसता कौल देणारे ते १०,६१४ दूरध्वनी आणि एका शब्दावरून संपादकास खुलासा करावयास लावणारे पत्रलेखक यांच्यात अंतर आहे ते या एका प्रश्नाचे. आणि तो प्रश्न विचारण्याची सवय लावणे हेच आपले काम आहे.