भाड्याच्या मालमत्तेची मालकी : वैयक्तिक व कंपनीची (उजनी परिसर)

भाड्याने दिलेले घर, गाळा किंवा गोदाम स्वतःच्या नावावर ठेवायचे की खासगी मर्यादित कंपनीच्या, हा निर्णय कर, वारसा आणि जमीनविषयक कायदे या तिन्हींवर अवलंबून असतो. सोलापूर जिल्ह्यात उजनीकाठच्या माढा व करमाळा तालुक्यांत आयकराच्या आधी सातबारा पाहावा लागतो.

जमिनीचा प्रकार : भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. यशवंतसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांचे पुनर्वसन झाले. पुनर्वसनात मिळालेली जमीन साधारणतः भोगवटादार वर्ग २ ची असते. शासनाच्या परवानगीविना ती कोणाच्याही नावे, म्हणजे मालकाच्या स्वतःच्या कंपनीच्या नावेही, करता येत नाही. वर्ग १ च्या शेतजमिनीलाही अडसर आहे. १९४८ च्या कूळकायद्यातील कलम ६३ नुसार बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेण्यासाठी परवानगी लागते, आणि कंपनी सहसा शेतकरी ठरत नाही. त्यामुळे टेंभुर्णीसारख्या महामार्गावरील बाजारगावात कंपनीच्या नावे गाळे घ्यायचे, तर गावठाणातील किंवा रीतसर बिगरशेती झालेली जागा सोयीची.

वैयक्तिक मालकी : मिळालेल्या भाड्यातून मालकाने भरलेली घरपट्टी वजा होते. उरलेल्या रकमेवर दुरुस्तीची बिले न दाखवता ३० टक्के वजावट मिळते. कर्जाचे व्याजही वजा होते. भावाभावांचे हिस्से निश्चित असतील, तर प्रत्येकाची आकारणी स्वतंत्र होते. नव्या करप्रणालीत २०२५–२६ पासून १२ लाख रुपयांपर्यंतच्या सामान्य उत्पन्नावर निवासी व्यक्तीला कर पडत नाही. घर विकून दुसरे घर घेतल्यास भांडवली नफ्यावरची सूट व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंबालाच आहे.

कंपनीची मालकी : कंपनीला करमुक्त मर्यादा नाही. सवलतीचा २२ टक्के दर स्वीकारला, तरी अधिभार व उपकरासह तो २५.१७ टक्के होतो. उदाहरणार्थ, घरपट्टी वजा जाता वर्षाचे भाडे ६ लाख रुपये असेल, तर ३० टक्के वजावटीनंतर ४.२० लाख उरतात. दुसरे उत्पन्न नसलेल्या व्यक्तीला नव्या प्रणालीत त्यावर कर शून्य. कंपनीची आकारणी याच पद्धतीने झाली, तर सुमारे १.०६ लाख. १ एप्रिल २०२० पासून लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात मोजला जात असल्याने मोठ्या उत्पन्नाच्या मालकाला दुसऱ्यांदा कर द्यावा लागतो. शिवाय उलाढाल कितीही असो, लेखापरीक्षण व वार्षिक विवरणपत्रे चुकत नाहीत.

भाडे हाच कंपनीचा मुख्य उद्देश असेल, तर ते व्यवसायाचे उत्पन्न ठरू शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ‘चेन्नई प्रॉपर्टीज’ प्रकरणात २०१५ मध्ये दिला. त्यात घसारा व प्रत्यक्ष खर्च वजा करता येतो. मात्र २०२४ च्या वित्त कायद्यानंतर निवासी घराच्या भाड्याला ही वाट उरलेली नाही. गाळे व गोदामांना आहे.

निवड : उत्पन्न मोठे, भागीदार अनेक आणि मिळालेले भाडे पुन्हा बांधकामात घालायचे असेल, तर कंपनी उपयोगी. वारसांत शेअर वाटले जातात. इमारतीची फोड करावी लागत नाही. कंपनीच्या देण्यांची भागधारकावरची जबाबदारी मर्यादित असते, पण कर्ज देताना बँक बहुधा संचालकांची वैयक्तिक हमी मागते. दोन-चार गाळ्यांच्या कुटुंबाला मात्र वैयक्तिक किंवा सामाईक मालकी स्वस्त पडते. आधी स्वतःच्या नावे घेतलेली इमारत नंतर कंपनीला विकल्यास मुद्रांक शुल्क व भांडवली नफ्यावरचा कर लागू होतो. म्हणून मालकी कोणाची हे खरेदीखतापूर्वीच ठरवावे लागते.