आनंदीबाईंना न विचारलेला प्रश्न

२४ फेब्रुवारी १८८३. बंगालमध्ये, कलकत्त्याजवळच्या सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात एक मराठी मुलगी इंग्रजीतून भाषण करायला उभी राहिली. अठरावं पूर्ण व्हायला महिनाभर बाकी. विषय एकच, मी अमेरिकेला का जाते. लोक गेले कित्येक महिने जे विचारत होते ते आनंदीबाई जोशींनी सहा प्रश्नांत बांधलं होतं. अमेरिकाच का? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटीच का? परत आल्यावर जात बाहेर टाकणार नाही का? संकट आलं तर? आणि आजवर कोणत्याच बाईने जे केलं नाही ते तूच का करतेस?

आज आपण याला एफएक्यू म्हटलं असतं. तिने एकेकाचं उत्तर दिलं. इथे बायकांना उपचार करतील अशा बाई डॉक्टर नाहीत, आहे त्या शिक्षणात अर्धीच सोय आहे, आणि मी हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन.

हे भाषण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा धीटपणाच दिसला. यंदा पुन्हा वाचताना वेगळंच खटकलं. सहापैकी एकाही प्रश्नात थंडी नाही. संकटाच्या प्रश्नात तब्येत येते, पण ढोबळपणे. तिथला हिवाळा कसा असतो, कुठे राहशील, काय पांघरशील, हे सभेतल्या कुणाच्या डोक्यात नव्हतं. धर्म बुडेल ही भीती मोठी, पाय गारठतील ही किरकोळ.

आनंदीबाई वाढल्या कल्याणला. कल्याण तेव्हाही ठाणे जिल्ह्यात होतं आणि आजही आहे. आमचं पालघरसुद्धा १ ऑगस्ट २०१४ पर्यंत त्याच जिल्ह्यात होतं. सांगायचा मुद्दा, हवा एकच. दमट, घामट, आणि डिसेंबरात पहाटे चादर ओढली की संपली थंडी. बोईसरला पारा पंधराच्या आसपास उतरला की आमच्याकडे माकडटोप्या निघतात. फिलाडेल्फियात जानेवारीची सरासरी शून्याच्या जवळ असते. त्या हवेतला देह या हवेत न्यायचा होता.

७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनच्या सुरुवातीला न्यूयॉर्कला पोचल्या. गोपाळराव सोबत नव्हते. बंदरावर थिओडिशिया कार्पेंटर न्यायला आल्या होत्या. या बाईंनी दाताच्या डॉक्टरकडे वाट बघताना एका मिशनरी मासिकात गोपाळरावांचं पत्र वाचलं होतं आणि तिथून पत्रव्यवहार सुरू झाला होता. जूनपासून कॉलेज सुरू होईपर्यंतचे महिने आनंदीबाई न्यू जर्सीतल्या रोझेल गावी, कार्पेंटर कुटुंबात राहिल्या. घरात माणसं, अंगणात उन्हाळा. सिनेमा पाहिलेल्यांना हे दिवस आठवत असतील.

ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण सुरू झालं आणि गणित बदललं. शिष्यवृत्ती मिळाली ती तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची. म्हणजे सगळं काटकसरीत. त्यांच्या चरित्रांत त्या खोलीचं वर्णन येतं. शेकोटीची जागा होती, पण पेटवली की ऊब कमी, धूरच जास्त. म्हणजे एक तर धूर सोसायचा, नाहीतर थंडी. यातलं काय निवडावं हे मला वाचूनही ठरवता आलेलं नाही.

मग कपडे. नऊवारीत पोटऱ्या आणि कंबर उघडी राहते. कोकणात हे सोयीचं, बर्फात नाही. इंग्रजी झगा घातला असता तर प्रश्न सुटला असता, पण मग परत हिंदू म्हणूनच येईन या शब्दाचं काय? त्यांनी मधली वाट काढली. गुजराती पद्धतीने साडी नेसली की पाय घोट्यापर्यंत झाकतात आणि आत परकर घालता येतो. हा बदल गोपाळरावांना लगेच न कळवता केला, असं सांगतात. हजारो मैल दूर, गारठलेल्या बाईला साडी कशी नेसावी यासाठीही नवऱ्याच्या पत्राची धास्ती. जेवण शाकाहारी, तेही बरेचदा स्वतः रांधायचं.

ताप आला, खोकला आला, आणि खोकला पुढे गेलाच नाही. तरी ११ मार्च १८८६ ला पदवी घेतली. परत आल्यावर कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये नेमणूक ठरली होती. ती नोकरी झालीच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. वय एकवीस. कारण क्षय.

आता यावरून ‘थंडीने मारलं’ असं म्हणणं सोपं आहे, पण चूक आहे. क्षय जंतूमुळे होतो. रॉबर्ट कॉखने तो जंतू बर्लिनमध्ये जाहीर केला मार्च १८८२ मध्ये, म्हणजे आनंदीबाई निघायच्या जेमतेम वर्षभर आधी. औषध यायला अजून साठ वर्षं होती. शिवाय त्या निघाल्या तेव्हाच धडधाकट नव्हत्या. कलकत्त्याला असतानाच डोकेदुखी, ताप, धाप लागणं सुरू होतं, कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधंही पाठवली होती. जंतू कुठे शिरला, कल्याणला, कलकत्त्याला की जहाजावर, कोण सांगणार? पण धुराची खोली, अपुरं अन्न आणि अपुरे कपडे यांत आजारी शरीर टिकत नाही, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. रोझेलच्या घरात आणि फिलाडेल्फियाच्या खोलीत अंतर होतं ते पैशाचं आणि शेजारी असलेल्या माणसांचं.

माणूस हलवायचा तर आधी राहायची सोय बघायची, हे खरं तर आमच्या गावाला ठाऊक आहे. १९६० च्या दशकात तारापूरचं अणुवीज केंद्र उभारायला जनरल इलेक्ट्रिकचे अमेरिकन इंजिनिअर इथे आले, आणि केंद्रात काम करणाऱ्यांसाठी बोईसरला कॉलनी उभी राहिली. एमआयडीसीत मात्र बाहेरून आलेला कामगार आजही एका खोलीत सहाजण राहतो. त्याच्या बाबतीत निर्णय कसला घेतला, हेच कुणी विचारत नाही.

मला कंपनीने टोरोंटोची बदली देऊ केली आहे. घरी आणि बिल्डिंगमध्ये जे प्रश्न आले ते मोजले तर तेही साधारण सहाच. पगार किती, पीआर कधी, एकटाच जाणार का, लग्नाचं काय, परत येणार ना, इथे काय कमी आहे. आत्याने तेवढं विचारलं, “तिकडे बर्फात तुला सर्दीचा त्रास होईल ना रे?” आणि सगळे हसले. मला लहानपणापासून दमा आहे. एमआयडीसीची हवा खाऊन मोठा झालोय, त्यात नवल नाही.

मला ऑफर आलीय ती जानेवारीत रुजू व्हायची. तिकडे गेलेल्या मित्रांना विचारलं तर सगळ्यांनी पगाराचे आकडे दिले. एकाने सांगितलं की पहिल्या हिवाळ्यात तो तळघरातल्या भाड्याच्या खोलीत राहिला, खिडकी फुटाएवढी, आणि हीटिंग घरमालकाच्या हातात. हे त्याने दोन वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं.

आनंदीबाई जूनमध्ये पोचल्या, म्हणून त्यांना निदान रोझेलचे चार महिने मिळाले. मी एचआरला लिहिलंय की रुजू व्हायची तारीख मे करा, पहिले दोन महिने राहायची सोय तुमची, आणि आरोग्य विमा पहिल्या दिवसापासून हवा. मे मिळाला तर जाईन. जानेवारीच राहिला तर नाही म्हणणार आहे, आणि का, ते आत्याला आधी सांगेन.