९ जानेवारी १९८२ : अंटार्क्टिकावर भारताचे पाऊल

डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालील २१ जणांची पहिली भारतीय मोहीम ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघालेले ‘पोलर सर्कल’ हे भाड्याचे नॉर्वेजियन जहाज खवळलेला दक्षिण महासागर ओलांडून, बर्फातून वाट काढत तेथे पोहोचले. तिथे तेव्हा उन्हाळा होता. चोवीस तास उजेड. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेने ‘दक्षिण गंगोत्री’ हे पहिले संशोधन केंद्र उभारले. नागपूरच्या सागरशास्त्रज्ञ डॉ. आदिती पंत आणि भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता याच मोहिमेत होत्या. अंटार्क्टिकावर गेलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ. आता तेथे ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही केंद्रे असून, मोहिमांची आखणी वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र करते.