मणक्यांतील सुई आणि मस्तकशूळ

१८९८ च्या ऑगस्टमध्यें जर्मनींतील कील येथें शल्यवैद्य ऑगस्ट बीअर यांनीं मणक्यांत कोकेन टोंचून कमरेखालचें अंग बधिर करण्याची रीत सहायकाकरवीं स्वतःवर अजमाविली. पिचकारी सुईस बसेना. कण्यांतील द्रव पुष्कळ वाहून गेला. बीअर नऊ दिवस अंथरुणास खिळले. उठतांच मस्तक ठणके, आडवें होतांच शांत होई. त्यावरून, द्रव गळल्यानेंच हें होत असावें, असें त्यांनीं ताडिलें. पुढील उपाय ह्याच अनुमानाच्या वाटेनें गेले. १९५१ सालीं हार्ट व व्हिटॅकर यांनीं पेन्सिलीसारख्या टोंकाची सुई पुढें आणिली. ती आवरणाचे तंतू कापण्याऐवजीं बाजूस सारते. १९६० सालीं गॉर्मली यांनीं रोग्याचेंच थोडें रक्त छिद्रापाशीं घालून गळती बुजविली. आजहि बारीक सुई हा प्रतिबंध, व स्वतःचें रक्त हा हट्टी दुखण्यावरील इलाज होय.