कोल्हापूरचे दोन राजे, फ्लॉरेन्सचा संगम आणि आपला भुईकोट

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन वाचा.

सध्या फेसबुक उघडलं की युरोप टूरचे फोटो. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, नगर... प्रत्येक गावातलं कोणी ना कोणी बिग बेनसमोर उभं आहे, कोणी आयफेल टॉवरसमोर, कोणी रोमच्या कलोसियमसमोर. छान वाटतं. आयुष्यभर राबलेल्या माणसांनी उतारवयात जग बघावं, यात वावगं काही नाही. पण या टूरमध्ये इटलीतलं फ्लॉरेन्स अर्ध्या दिवसात उरकतात आणि तिथली एक जागा बहुतेकांची राहून जाते. त्या जागेचा आपल्या नगरच्या किल्ल्याशी थेट संबंध आहे. तोच आज सांगायचा आहे.

आमचे एक मेव्हणे, निवृत्त शिक्षक, दोन वर्षांपूर्वी टूरला निघाले तेव्हा मला म्हणाले, "काय बघू सांग." माझा स्वतःचा पासपोर्ट अजून कोरा आहे, पण पुस्तकांतून फ्लॉरेन्स बरंच फिरून झालंय. म्हटलं, भाऊजी, सकाळी तो लाल घुमटाचा मोठा चर्च बघा. १४३६ साली बांधून झालाय. मग पालाझ्झो वेक्किओ म्हणजे जुना राजवाडा. त्याच्या दारात मायकेलअँजेलोच्या डेव्हिडची प्रतिकृती आहे, खरा पुतळा जवळच्या संग्रहालयात. मग जुन्या पुलावरची सोनारांची दुकानं बघा. आणि दुपारी ग्रुपला सोडून आर्नो नदीच्या काठाने काशिने नावाच्या बागेत जा. बाग साडेतीन किलोमीटर लांब आहे. तिच्या पार शेवटच्या टोकाला जा. तिथे एक छत्री दिसेल. आपल्याकडे राजघराण्यातल्या माणसांच्या समाधीवर असते तशीच. छत्रीखाली फेटा बांधलेल्या एका तरुणाचा रंगीत अर्धपुतळा आहे. त्याला मुजरा करा. तो करवीरचा छत्रपती आहे.

भाऊजी गेले. फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "पोरगा आहे रे अगदी."

पोरगाच होता. छत्रपती राजाराम महाराज, दुसरे. जन्म १८५०. मूळचे पाटणकर घराण्यातले, १८६६ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. १८७० साली, विशीतला हा राजा बोटीत बसून विलायतेला निघाला. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला असं मानणारा तो काळ. सुएझ कालवा उघडून वर्षही झालं नव्हतं. राजाने मात्र इंग्रजी शिकून घेतलं होतं आणि प्रवासात रोज डायरी लिहिली. सोबत गेलेले कॅप्टन वेस्ट यांनी ती संपादित करून १८७२ मध्ये लंडनला छापली. आज ती इंटरनेटवर सापडते. सवड काढून वाचा. आज काय पाहिलं, कोणाला भेटलो, अशा साध्या नोंदी आहेत. आपण फोटो टाकतो, त्याने नोंदी ठेवल्या.

लंडनमध्ये काही महिने मुक्काम झाला. राणी व्हिक्टोरियाची भेट झाली. तेव्हाचं लंडन डोळ्यांसमोर आणा. बिग बेनचं घड्याळ सुरू होऊन अकरा वर्षं झालेली. जमिनीखालून आगगाडी धावत होती. थेम्सकाठचा नवा बांध-रस्ता त्याच जुलैत खुला झाला. आणि सेंट पॉल चर्चच्या तळघरात ड्यूक ऑफ वेलिंग्टनची कबर होती. हा वेलिंग्टन म्हणजे कोण? १८०३ च्या ऑगस्टमध्ये आपला भुईकोट किल्ला शिंद्यांकडून घेणारा आर्थर वेलस्ली. नेपोलियनला पुढे हरवलं, त्याआधी आपल्या किल्ल्याला तोफा लावल्या होत्या.

परत निघायची वेळ आली तोवर फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं होतं, पॅरिसला वेढा पडला होता. राजाची स्वारी इटलीत उतरली. फ्लॉरेन्स त्या वेळी नुसतं कलेचं शहर नव्हतं, इटलीची राजधानी होतं. १८६५ पासून राजा तिथे राहायचा आणि संसद त्या जुन्या राजवाड्यातच भरायची. राजधानी रोमला गेली ती १८७१ मध्ये. म्हणजे आपला राजा एका युरोपियन राजधानीतून दुसऱ्या राजधानीत आला, तो आजारी होऊनच. ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथल्या हॉटेलात त्याने डोळे मिटले. वय २०.

आता अडचण अशी, की इटलीत तेव्हा प्रेत जाळायला परवानगी नव्हती. सोबतची माणसं अडून बसली, महाराजांना अग्नीच द्यायचा. नगरपालिकेने खास परवानगी दिली. जागा ठरली आर्नो आणि मुन्योने या नद्यांचा संगम. परक्या मुलुखात आपल्या माणसांनी संगमच शोधला, बघा. मध्यरात्रीनंतर चिता पेटली. अस्थी गंगेत सोडण्यासाठी मागे ठेवल्या.

पुढे १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली. आराखडा चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी नंतर कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला. अर्धपुतळा फुलर नावाच्या शिल्पकाराचा. फ्लॉरेन्सच्या लोकांनी त्या जागेला 'इंदियानो' म्हणायला सुरुवात केली. शंभर वर्षांनी, १९७८ मध्ये शेजारी मोठा पूल झाला, त्याचं नावही तेच पडलं. इंडियनचा पूल. ज्याला कोणी ओळखत नव्हतं, जो त्यांच्या शहरात दोन दिवसांचा पाहुणा होता, त्याच्या नावाने तिथे आज पूल ओळखला जातो.

आता नगरला या.

राजाराम महाराज निपुत्रिक गेले. १८७१ मध्ये सावर्डेकर भोसल्यांच्या घरातला आठ वर्षांचा नारायण दत्तक घेतला गेला. तो चौथा शिवाजी. पोर मोठं होत गेलं तसं सरकारने जाहीर केलं की राजाला वेड लागलंय. प्रजेचं म्हणणं वेगळं. राजाचा छळ होतोय, त्याला वेडा ठरवतायत. दिवाण बर्वे यांच्यावर 'केसरी' आणि 'मराठा'ने तोफ डागली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. ज्या पत्रांच्या भरवशावर लिहिलं होतं, ती बनावट निघाली. टिळक आणि आगरकरांनी माफी मागितली, तरी १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. आम्हा पत्रकारांना यात मोठा धडा आहे. कळकळ खरी असली तरी हातातला कागद तपासूनच छापावा.

पण कागद खोटे निघाले म्हणून चिंता खोटी ठरली नाही. राजाला आपल्या भुईकोटात आणून पहाऱ्यात ठेवलं गेलं. २५ डिसेंबर १८८३, नाताळचा दिवस. ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि त्यात राजा गेला. वय, पुन्हा, २०.

बाप विशीत गेला, लेक विशीत गेला. बाप परमुलखात आजाराने, लेक स्वतःच्या मुलुखात, सरकारच्या पहाऱ्यात. आणि त्यानंतर १८८४ मध्ये गादीवर दत्तक आलेला कागलकर घाटग्यांचा नऊ वर्षांचा मुलगा म्हणजे राजर्षी शाहू महाराज. २६ जुलै १९०२ चा ५० टक्के राखीव जागांचा जाहीरनामा निघाला, तेव्हा तेही युरोपच्या दौऱ्यावर होते. आज आपण ज्या आरक्षणावर रोज भांडतो, त्याच्या मुळाशी जायचं तर वाट फ्लॉरेन्सच्या संगमावरून आणि नगरच्या किल्ल्यातून जाते.

आता सांगा, पाहुणे आले की आपण काय दाखवतो? चांदबिबीचा महाल, जो खरं तर सलाबतखानाचा मकबरा आहे. रणगाडा संग्रहालय. आणि किल्ल्यात नेहरूंची खोली, जिथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. हे सगळं दाखवलंच पाहिजे. बातमीच्या निमित्ताने किल्ल्यात मी कितीदा गेलोय. १९४२ ची गोष्ट प्रत्येक जण सांगतो, १८८३ ची कोणी आपण होऊन सांगितल्याचं मला आठवत नाही. शिवाजी महाराजांच्या गादीचा वारस आपल्या गावात मारला गेला आणि आपल्या पोरांना ते शाळेत कळत नाही.

जिल्ह्याचं नाव बदलताना आपण सगळे इतिहासकार झालो होतो. दोन्ही बाजूंनी कमेंट टाकून बोटं दुखली. त्यातली थोडी ताकद इथे लावू. किल्ला लष्कराकडे आहे, तेव्हा मागणी रीतसर करावी लागेल. माहिती देणाऱ्यांनी दोन वाक्यं या राजासाठी ठेवावीत, एवढं आपण मागू शकतो. शिक्षक मित्रांनी किल्ल्याच्या सहलीत ही गोष्ट सांगावी, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. आणि २५ डिसेंबरला सुट्टी असतेच. घरच्यांना घेऊन किल्ल्याकडे या.

युरोपला निघालेल्यांनी ही पोस्ट जपून ठेवा. फ्लॉरेन्सच्या लोकांनी आपल्या राजाचं नाव पुलाला दिलंय. आपल्याकडे किल्ला आहे, खंदक आहे, गोष्टही आहे. सांगायचं काम तेवढं उरलंय.