बोलोन्याचे दस्तऐवज-पंडित

विद्यापीठानें तत्त्वज्ञान शिकवावें, वैद्यक शिकवावें, हें कोणासही सहज पटतें. परंतु खरेदीखत किंवा मृत्युपत्र कसें लिहावें हेंही तेथें शिकवावें असें म्हटलें, कीं विद्वानांच्या कपाळास आठी पडते. इटलींतील बोलोन्या नगरीनें मात्र तेराव्या शतकांतच या कारकुनी समजल्या जाणाऱ्या विद्येस आपल्या विद्यापीठांत मानाचें स्थान दिलें.

बोलोन्याची कीर्ति कायद्याच्या अध्ययनाबद्दल. पण न्यायालय असो, पेढी असो, कीं पोपचें कार्यालय असो, सर्वांचा व्यवहार लॅटिन कागदपत्रांवर चाले, आणि ते लिहिणारे लोक कोठें तरी तयार व्हावयास हवे होते. प्रथम शास्त्र बनलें तें पत्रलेखनाचें. अभिवादन, वाचणाऱ्याचें मन अनुकूल करून घेणें, हकीकत, मागणी आणि समाप्ति अशीं पत्राचीं पांच अंगें ठरलीं. उभयतांपैकीं जो श्रेष्ठ त्याचें नांव आधीं, असा दंडक होता. जुन्या मोडी पत्रांतील मायने ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांना हा काटेकोरपणा परका वाटणार नाहीं. बोन्कोम्पान्यो हा या शास्त्राचा मोठा ऐटबाज आचार्य. १२१५ सालीं कायद्याच्या अध्यापकांसमोर त्यानें आपला ग्रंथ वाचून दाखविला आणि लॉरेलच्या पानांचा मुकुट मिळविला. पैसे संपलेल्या विद्यार्थ्यानें घरीं काय लिहावें, याचेही नमुने त्या ग्रंथांत आहेत!

पण शहराचा विश्वास बसला तो अधिक रुक्ष माणसांवर, म्हणजे नोटरींवर. नोटरीच्या हातचा दस्त न्यायालयांत स्वतःच पुरावा म्हणून उभा राही. एखादें कलम ढिलें राहिलें तर घर किंवा शेत हातचें जाण्याचा प्रसंग. म्हणून १२४६ च्या नियमांनीं उमेदवाराची परीक्षा ठेविली. त्याला लॅटिनमध्यें रचना करतां येते कीं नाहीं, हें तर पाहतच; शिवाय स्वतः लिहिलेला दस्त लोकांच्या बोलीभाषेंत वाचून दाखवितां येतो कीं नाहीं, हेंही पाहत. ही दुसरी अट पहिलीहून थोर म्हणावी लागेल. ज्या सुताराचा वा शेतकऱ्याचा तो कागद, त्याला लॅटिन कोठून कळणार?

या विद्येचा मुकुटमणि रोलांदिनो पास्साज्जेरी. करार, मृत्युपत्रें आणि न्यायालयीन कामकाज यांवरील त्याचा ग्रंथ १२५५ च्या सुमाराचा. तो नुसते नमुने देत नाहीं. त्यांमागील कायद्याचें कारणही समजावून सांगतो, आणि म्हणूनच कित्येक शतकें तो ग्रंथ वापरांत राहिला. १२४९ सालीं बोलोन्याच्या सैन्यानें सम्राट दुसरा फ्रेडरिक याचा पुत्र एन्झो यास फोस्साल्ता येथें पकडलें. सम्राटानें त्याच्या सुटकेची मागणी केली. शहरानें दिलेलें बाणेदार नकारपत्र रोलांदिनोच्याच लेखणीचें मानलें जातें. एन्झो १२७२ सालीं कैदेंतच मरण पावला. रोलांदिनोची समाधि सान दोमेनिकोच्या चौकांत उंच स्तंभांवर आजही उभी आहे. दस्तऐवज लिहिणाऱ्याचा असा गौरव क्वचितच झाला असेल.

१२६५ पासून वीस लिरांहून अधिक रकमेचा प्रत्येक करार व मृत्युपत्र सरकारी वहींत नोंदविण्याची सक्ति झाली. कोणी मागाहून मजकूर घुसडूं नये म्हणून वहीच्या पानावर कोरी जागा ठेवावयाची नसे. मग नोटरी ती जागा कशानें भरीत? पुष्कळदां कवितांनीं. एन्रिकेत्तो देल्ले क्वेर्चे नांवाच्या नोटरीनें १२८७ सालच्या वहींत तरुण दान्तेचें, गारिसेन्दा मनोऱ्यावरील एक सुनीत उतरून ठेविलें. दान्तेच्या काव्याच्या अत्यंत जुन्या लेखी पुराव्यांपैकीं तो एक होय, आणि तो बोलोन्याच्या दफ्तरखान्यांत खरेदीविक्रीच्या नोंदींमध्यें सांपडतो.