कातडीचा तरवा

भाताची लावणी ज्यांनी केली आहे त्यांना तरवा म्हणजे काय हे सांगायला नको. शेताच्या एका कोपऱ्यात बी दाट पेरायचे आणि रोपे वर आली की ती उपटून सबंध खाचरात लावायची. एवढ्याशा जागेतली रोपे सारे शेत झाकतात. भाजलेल्या माणसाचे अंग झाकण्यासाठी वैद्यकाने अखेर हीच युक्ती वापरली. पण ती साधायला किती काळ लागला, ते ऐकण्यासारखे आहे.

कातडी म्हणजे नुसते वरचे आवरण नव्हे, बरं का. ती अंगातले पाणी आत धरून ठेवते आणि जंतूंना बाहेर अडवते. तिचे थर दोन. वरचा पातळ आणि सतत नवा होणारा. खालचा जाड व चिवट, कातडीला बळ देणारा. वरवर भाजले तर कातडी आपली आपण भरून येते. दोन्ही थर जळाले की मात्र नवी कातडी फक्त जखमेच्या कडांकडून सरकत येते. जखम तळहाताएवढी असेल तरी ते कठीण. सारी पाठ जळाली असेल तर कडा मध्यापर्यंत पोचणार कधी? तोवर अंगातले पाणी झिरपत राहते आणि जंतू आत शिरतात. म्हणून अशा जखमेवर कातडी आणून लावावीच लागते.

एका जागची कातडी दुसरीकडे लावण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. गालाच्या कातडीने तुटलेले नाक जोडण्याची रीत सुश्रुतसंहितेत सांगितली आहे. पुढची गोष्ट तर आपल्या पुण्याकडचीच. १७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठी गडी टिपू सुलतानाच्या हाती सापडला. तिथे त्याचे नाक कापले गेले. पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. ही हकिकत १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापून आली. ती वाचून तिकडचे शस्त्रवैद्य चकित झाले, आणि १८१४ मध्ये कार्प्यू नावाच्या डॉक्टरने लंडनमध्ये तसेच नाक करून दाखवले.

पण नाकाला लागते ती चार बोटे कातडी. भाजलेल्या पाठीचे काय? १८६९ साली पॅरिसमध्ये रेव्हर्दँ या तरुण डॉक्टरने कातडीचे अगदी बारीक तुकडे काढून उघड्या जखमेवर ठेवले. ते रुजले, कडांनी पसरले आणि जखम भरू लागली. कातडी पेरता येते हे यातून कळले. तरी अडचण उरलीच. ज्याचे सारे अंग जळाले, त्याच्या अंगावर तुकडे काढायला जागा कुठे राहते?

मग दुसऱ्याची कातडी लावावी, असे कोणालाही वाटेल. दुसऱ्या महायुद्धात ग्लासगोच्या इस्पितळात मेडावर आणि गिब्सन यांनी याचाच कसून अभ्यास केला. १९४३ मध्ये त्यांनी दाखवून दिले की परक्याची कातडी आधी धरते, पण पुढे शरीर तिला ओळखून टाकून देते. त्याच माणसाची कातडी पुन्हा लावली, तर शरीर तिला आणखी लवकर टाकते. या विषयावरील पुढच्या कामासाठी मेडावर यांना १९६० साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. रोग्याच्या दृष्टीने मात्र उत्तर कठोर होते. कायमची टिकते ती आपली स्वतःचीच कातडी.

कोंडी फुटली ती अमेरिकेत, तीही आडवाटेने. हॉवर्ड ग्रीन हे उंदरांच्या एका गाठीचा अभ्यास करीत होते. काचेच्या बशीत त्यांना कातडीसारख्या पेशी वाढताना दिसल्या. १९७५ साली त्यांनी व राइनवाल्ड यांनी माणसाच्या कातडीच्या पेशी अशाच वाढवण्याची रीत प्रसिद्ध केली. या पेशी एकट्या नीट वाढत नाहीत. म्हणून किरणांनी वाढ थांबवलेल्या उंदराच्या पेशींचा थर खाली अंथरला, जणू तरव्याला घातलेले खतच! चार वर्षांनी या मंडळींनी दाखवले की तीन चौरस सेंटिमीटर कातडीपासून तीन-चार आठवड्यांत माणसाचे अंग झाकण्याइतका पापुद्रा तयार होऊ शकतो.

१९८३ मध्ये कसोटीची वेळ आली. पाच आणि सहा वर्षांच्या दोन मुलांना बॉस्टनला आणले. दोघांचेही पंचाण्णव टक्क्यांहून अधिक अंग भाजलेले. काखेतली थोडी कातडी शाबूत होती, तेवढीच घेऊन पेशी वाढवल्या. त्या पापुद्र्यांनी निम्मे किंवा त्याहून अधिक अंग झाकले, आणि दोन्ही मुले वाचली.

एवढ्याने सारे जिंकले असे मात्र नव्हे. हा पापुद्रा म्हणजे फक्त वरचा थर. तो नाजूक असतो, त्याला फोड येतात. त्यात केस नाहीत की घामाच्या ग्रंथी नाहीत. खालच्या थरासाठी बर्क आणि यानास यांनी १९८१ साली वेगळा उपाय पुढे ठेवला. गाईच्या कातडीतले प्रथिन व शार्क माशाच्या कूर्चेतला एक पदार्थ यांची जाळी करून वर सिलिकोनचा पडदा ठेवायचा. रोग्याच्या पेशी जाळीत शिरून नवा थर विणतात. मग पडदा काढून त्यावर त्याचीच पातळ कातडी लावतात.

हे उपाय महाग आहेत, आणि पेशी वाढायला आठवडे लागतात. तेवढे दिवस जखम उघडी ठेवली तर रोगी हातचा जातो. इथे ती परकी कातडी पुन्हा कामी येते. ती कायमची टिकत नाही, पण पावसाळ्यात घरावर घातलेल्या ताडपत्रीसारखी काही आठवडे निभावून नेते. मुंबईच्या शीव येथील रुग्णालयात २००० साली अशी त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय, पाठ यांवरचा पातळ पापुद्रा काढून घेतात. देह विद्रूप होत नाही, रक्तगटही जुळवावा लागत नाही.

नेत्रदान आता गावोगाव ठाऊक झाले आहे. त्वचादान अजून तितके झालेले नाही. गुरुजींनी वर्गात आणि आपण ओसरीवर ही गोष्ट चार जणांना सांगितली, तर कुणा भाजलेल्या पोराची स्वतःची कातडी तयार होईपर्यंतचे दिवस त्याला मिळतील.